जास्तीचे एक ताट



डिसेंबर लागला की आमच्या घरात दोन गोष्टींची तयारी सुरू होते. पहिली महाडला जाण्याची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दिवशी क्रांतिस्तंभापाशी जाऊन उभे राहायचे, हा आमच्या घरचा वीस-बावीस वर्षांचा नेम. पहाटे ठाण्याहून निघायचे, माणगावला चहा घ्यायचा, आणि महाडला पोहोचलो की घरच्या सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा. दुसरी तयारी अलीकडची आहे. फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या धाकटीला नोव्हेंबरातच विचारून ठेवायचे, "बाळा, नाताळच्या सुट्टीत तू कुठे असशील? कोणाबरोबर असशील?"

हा प्रश्न विचारायचा असतो, हे मला २०२२ साली कळले. जरा उशिराच कळले. ते कसे, हे आज मोकळेपणाने सांगणार आहे. आपल्या वस्त्यांतून, चाळींतून, लहान-लहान गावांतून आता कितीतरी मुले-मुली परदेशी शिकायला जात आहेत. कोणी शिष्यवृत्तीवर, कोणी बँकेचे कर्ज काढून. विमानतळावर हार घालून, फोटो काढून आपण त्यांना निरोप देतो. पुढे त्यांच्या वाट्याला काय येते ते फोनवर जेवढे ऐकू येते तेवढेच आपल्याला कळते. आणि फोनवर सगळेच ऐकू येते असे नाही.

धाकटी समुद्रविज्ञान शिकायला फ्रान्सच्या दक्षिणेला मार्सेय शहरात गेली. मार्सेय हे भूमध्य समुद्रावरचे मोठे आणि फार जुने बंदर. बोटीने प्रवास करायचे दिवस होते तेव्हा विलायतेला जाणारे पुष्कळ हिंदी लोक इथेच उतरून पुढे रेल्वेने जात. तिचे वसतिगृह शहराच्या अगदी दक्षिण टोकाला, लुमिनी नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात. मागे चुनखडीचे पांढरे डोंगर, भोवती पाइनची झाडे. एरवी गजबजलेले, पण सुट्टी लागली की तिथे चिटपाखरू दिसत नाही.

१८ डिसेंबरला फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, फ्रान्स विरुद्ध अर्जेंटिना. निम्मी मुले आधीच घरी गेली होती. उरलेली खालच्या दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर दाटीवाटीने बसली. सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर फ्रान्स हरला. अनोळखी मुली धाकटीच्या गळ्यात पडून रडल्या म्हणे. तिने आम्हाला उत्साहाने फोन करून सगळे सांगितले. त्यानंतर चार दिवसांत तिचा मजला रिकामा झाला. सोळा खोल्यांपैकी एकीतच दिवा उरला, तिच्या. विद्यार्थ्यांची खानावळ बंद झाली, ग्रंथालय बंद झाले.

आता कोणी म्हणेल, वर्गातल्या एखाद्या मुलीने तिला घरी नेले नाही का? त्याचे उत्तर समजायला फ्रान्समधला नाताळ कसा असतो ते पाहावे लागेल.

आपण ज्याला नाताळ म्हणतो त्याला फ्रेंच लोक नोएल म्हणतात. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण दोन्हींचे मूळ लॅटिन भाषेतल्या जन्म या अर्थाच्या एकाच शब्दात आहे. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने सरकार आणि चर्च वेगळे झाले. आज तिथले पुष्कळ लोक वर्षभर चर्चची पायरी चढत नाहीत, पण नाताळला मात्र घरी गेल्याशिवाय राहत नाहीत. म्हणजे तो देवळापेक्षा घराचा सण झाला आहे. २४ तारखेच्या रात्री घरोघरी मोठे जेवण असते. त्याला रेवेयों म्हणतात, म्हणजे जागरणाचे जेवण. आजी-आजोबा, मुले, नातवंडे चार-पाच तास टेबलाभोवती बसतात. कालवे, भाजलेला पक्षी, चीज, आणि शेवटी ब्युश, म्हणजे लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक. पूर्वी त्या रात्री चुलीत खराच मोठा ओंडका जाळीत, त्याची ती आठवण. २५ तारखेला दुकाने बंद, रस्ते ओस. आपली दिवाळी असो की जयंती, सण रस्त्यावर येतो, मिरवणूक निघते, अनोळखी माणूसही त्यात शिरतो. त्यांचा नाताळ घराच्या आत जातो आणि दार लावून घेतो. यात माणसे वाईट नाहीत. फक्त बाहेरच्या माणसाला कोणी आत नेले तरच तो आत जातो, आणि त्याचे आमंत्रण दोन-तीन आठवडे आधी ठरलेले असते.

धाकटीला दोघांनी विचारले होते. तिच्या बाईंनी प्रयोगशाळेत विचारले, आणि एका मैत्रिणीने विचारले, "नाताळला तुझे काय?" दोघींनाही हिने सांगितले, "माझे ठरले आहे, मित्रमंडळी जमणार आहोत." का सांगितले? ती म्हणते, "आई, आपण कोणाच्या दारात उभे राहायचे नाही, असे तूच शिकवलेस ना?" शिकवले होते खरे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी दारे बंद झालेली इतकी पाहिली आहेत, की कोणी आपण होऊन उघडले तरी आत पाऊल टाकताना आपण दहादा विचार करतो. स्वाभिमान शिकवताना, विचारणाऱ्याला खरे उत्तर देण्यात कमीपणा नसतो हे शिकवायचे माझ्याकडून राहून गेले.

आता घरची बाजू सांगते. २१ डिसेंबरच्या पहाटे मुलीच्या पप्पांच्या छातीत दुखू लागले. इस्पितळात नेले. एक शीर जवळजवळ बंद झालेली निघाली, त्याच दिवशी स्टेंट बसवला. जिवावरचे टळले, पण साखर वाढल्यामुळे आणखी काही दिवस ठेवून घेतले. थोरला म्हणाला, "आई, तिला आत्ता सांगू नकोस. जानेवारीत तिची परीक्षा आहे. तिथून ती काय करणार? नुसती रडेल." मलाही ते पटले.

२४ तारखेला आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असताना तिचा फोन आला. तिथे संध्याकाळचे पाच. थंडीच्या दिवसांत तिचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. मी इस्पितळाच्या जिन्यात उभी होते. मागची हिरवी भिंत आणि सलाइनची उभी दांडी दिसू नये म्हणून मी म्हणाले, "बाळा, चेहरा दिसणारा फोन नको, इथे नेटवर्क खराब आहे." ती पटकन म्हणाली, "हो ना आई, इथेपण खराब आहे." मग मी विचारले, "जेवायला काय आहे आज?" ती म्हणाली, "सगळे जमलोय, मजा चालली आहे. पप्पा कुठे आहेत?" मी म्हणाले, "झोपले गं लवकर. उद्या महाडला जायचंय ना." दोघींचेही नेटवर्क एकाच वेळी खराब, आणि दोघीही आनंदात! आज हसू येते. त्या वेळी फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसून राहिले. तिकडे तीही आपल्या खोलीत बसून राहिली होती, हे मला चोवीस तासांनी कळले.

त्या रात्री काय झाले ते तिच्याच तोंडून ऐकलेले सांगते. आठच्या सुमारास ती सामाईक स्वयंपाकघरात गेली. शहरात नोआय नावाचा बाजार आहे. तिथे उत्तर आफ्रिकेतल्या लोकांची मसाल्याची, धान्याची दुकाने आहेत. तिथून आणलेली मसूर डाळ, तांदूळ आणि हळद तिच्याकडे होती. तिने खिचडी टाकली. फोडणीचा वास जिन्यातून खाली गेला आणि रात्रपाळीचा रखवालदार वर आला. कोणी काही जाळले की काय, हे बघायला. हा गृहस्थ पन्नाशीचा, कोमोरो बेटांवरचा. मार्सेयमध्ये कोमोरोची वस्ती मोठी आहे. तो मुसलमान. त्याने सांगितले, "ज्यांच्या घरी नाताळ आहे त्यांना घरी राहता यावे, म्हणून मी दरवर्षी ही पाळी मागून घेतो." त्याची बायको आणि तीन मुले तिकडे बेटावर. त्याने पातेल्यात डोकावून विचारले, "यात नारळ नाही घालत?" मग खाली जाऊन आपल्या डब्यातला नारळाच्या दुधातला भात आणि मासा घेऊन आला. दोघांनी स्वयंपाकघराच्या त्या लांबलचक टेबलावर एका कोपऱ्यात बसून जेवण केले. तो म्हणाला, "मुली, ही तुझी पहिली नाताळची रात्र दिसते. पहिली जड जाते. उद्या खोलीत बसू नकोस. दाराजवळच्या फळ्यावर महिनाभर एक कागद लावलेला आहे, तो वाच."

तो कागद एका स्थानिक संस्थेचा होता. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी २५ तारखेला दुपारचे जेवण असते, वाढायला माणसे हवी आहेत, असे त्यावर लिहिले होते. फ्रान्समध्ये हे काम जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, आर्मां मार्किझे नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये 'पेती फ्रेर दे पोव्र', म्हणजे 'गरिबांचे धाकटे भाऊ', ही संस्था काढली. एकाकी म्हाताऱ्यांना घरी जेवण पोहोचवायचे, आणि त्याबरोबर फुलेही न्यायची, असा त्यांचा रिवाज. माणसाला भाकरी लागते तशी आपली कोणीतरी आठवण ठेवल्याची खूणही लागते, हा त्यामागचा विचार. त्या संस्थेच्या नाताळच्या पंगती आजही होतात, आणि इतर संस्थाही त्या धर्तीवर करतात. धाकटीने सकाळी भीतभीत फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "दोन जण आजारी पडले आहेत. अकरा वाजता ये, उपकार होतील."

निघण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे फोन उघडून पाहिला. आपल्याकडे दुपारचे दोन वाजत आले होते. दरवर्षी त्या वेळेपर्यंत महाडचा आमचा फोटो तिला पोहोचलेला असतो. त्या दिवशी आला नव्हता. तिने विचारले तर मी लिहून कळवले, "गर्दी फार आहे, यंदा फोटो काढला नाही." तिने ते वाचले आणि निघाली. पण काही तरी खटकले, असे ती म्हणते. गर्दी तर महाडला दरवर्षीच असते.

त्या सभागृहात चाळीस-पन्नास वृद्ध माणसे होती. मधोमध मातीच्या बाहुल्यांचा देखावा मांडलेला. त्या भागात या बाहुल्यांना सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चे बंद झाली, तिथले ख्रिस्तजन्माचे देखावेही थांबले. तेव्हा लोक घरातच छोट्या बाहुल्या मांडू लागले. मार्सेयच्या झां-लुई लान्येल नावाच्या कारागिराने साचा करून त्या मातीत घडवायला सुरुवात केली, म्हणून गरिबालाही परवडू लागल्या. मार्सेयला त्यांची जत्रा १८०३ पासून भरते. धाकटीला त्यातली एक गोष्ट फार आवडली. बाळाच्या भेटीला येणाऱ्या त्या बाहुल्या राजेरजवाड्यांपेक्षा गावातल्या कष्टकऱ्यांच्याच जास्त. कपडे धुणारी बाई, मासळी विकणारी, चाकूला धार लावणारा, मेंढपाळ, पिठाच्या गोणीखाली वाकलेला गिरणीवाला. प्रत्येकाच्या हातात आपापल्या धंद्याची भेट. आणि त्यात एक राव्ही नावाचा भोळा माणूस, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही. तो नुसते दोन्ही हात वर करून आनंदाने उभा आहे. त्यालाही देखाव्यात जागा आहे.

वाढण्याचे काम संपल्यावर संयोजकांनी तिला एका आजीबाईंच्या शेजारी बसवले. वय शहाऐंशी. मुलगा कॅनडात. टेबलावर तिकडच्या पद्धतीचे तेरा गोड पदार्थ होते. येशू आणि त्याचे बारा शिष्य, म्हणून तेरा. पदार्थ म्हणजे काय, तर सुके अंजीर, मनुका, बदाम, अक्रोड, खजूर, संत्री, पांढरी आणि काळी नुगा, आणि ऑलिव्हच्या तेलातली पोंप नावाची गोड पोळी. ती सुरीने कापायची नाही, हातानेच मोडून एकमेकांना द्यायची. आजीबाईंनी मोडून हिच्या हातात तुकडा दिला आणि आपल्या लहानपणचे सांगू लागल्या. २४ च्या रात्री टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी अंथरायच्या. तीन मेणबत्त्या लावायच्या. ४ डिसेंबरला बशीत भिजवून घातलेले गहू तोवर हिरवे उगवून आलेले असत, ते मध्ये ठेवायचे. आणि घरात जितकी माणसे, त्याहून एक ताट जास्तीचे मांडायचे. ते गरिबाचे ताट. त्या रात्री कोणी वाटसरू, कोणी भुकेला दाराशी आला तर त्याच्यासाठी.

धाकटीने विचारले, "मग कोण यायचे?"

आजीबाई म्हणाल्या, "कोणीच नाही. इतकी वर्षे ताट मांडले, एकदाही कोणी बसले नाही. गावात गरीब नव्हते असे नाही. आम्ही ताट मांडायचो, पण कोणाला बोलवायला गेलो नाही. आणि ज्याला गरज होती त्याने दार वाजवले नाही. आता मी एकटी झाले तेव्हा कळले की दार वाजवणे किती कठीण असते. मुलगा फोनवर विचारतो, आई, आज कोणाकडे आहेस? मी सांगते, शेजारच्यांकडे. त्याला बरे वाटावे म्हणून. या वर्षी पहिल्यांदा त्याला खरे सांगितले. तो रडला. पण त्यानेच या लोकांचा पत्ता शोधून दिला."

धाकटी म्हणते, "आई, त्या बोलत होत्या आणि मला जिन्यातला तुझा आवाज आठवत होता. तू घरातून बोलत नव्हतीस. आवाज घुमत होता."

संध्याकाळी पाचला ती खोलीवर परतली आणि फोन केला. आपल्याकडे परत रात्रीचे साडेनऊ. मी परत त्याच जिन्यात. ती म्हणाली, "आई, मी काल खोटं बोलले. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. मी एकटी होते." मला काही बोलता येईना. मग ती म्हणाली, "आता तू सांग. पप्पा कुठे आहेत?" मी सगळे सांगितले. ती रडली, रागावली, "माझे पप्पा आहेत ते, मला कळायचा हक्क नाही का?" असे म्हणाली. तिचे बरोबर होते. मग मी फोन घेऊन वॉर्डात गेले आणि चेहरा दाखवणारा फोन लावला. नेटवर्क अगदी उत्तम होते! बापलेक दहा मिनिटे एकमेकांकडे बघत बसले. बोलले फारसे नाहीत. पण त्या रात्री ह्यांना चार दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली. माझ्यापेक्षा त्यांनाच ती गोष्ट लपवणे जास्त जड जात होते.

फोन ठेवण्यापूर्वी धाकटीने सहज विचारले, "आई, तिथे पप्पांची रात्रीची नर्स कोण आहे? तिला माझं थँक्यू सांग." मी मान वर करून पाहिले. टेबलाशी बसलेली ती मुलगी केरळची. चार रात्री तिने ह्यांची साखर तपासली, इंजेक्शने दिली, मला एकदा स्वतःच्या थर्मासमधला चहाही दिला. तिच्या टेबलावर औषधांच्या ट्रेशेजारी कागदाचा एक लहानसा चांदणीचा आकार चिकटवलेला होता. तो मी दोन दिवस पाहत होते. आज २५ डिसेंबर, ही मुलगी ख्रिस्ती आहे, हिचे घर हजार-बाराशे किलोमीटर दूर आहे आणि ही आपल्या सणाच्या रात्री माझ्या नवऱ्याच्या उशाशी उभी आहे, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मार्सेयमध्ये माझ्या लेकीला कोणी विचारले नाही म्हणून मी तासापूर्वी मनात कुढत होते. आणि इथे माझ्या समोर बसलेल्या दुसऱ्याच्या लेकीला मीही विचारले नव्हते.

मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "बेटा, आज तुमचा सण ना? घरी बोललीस का?" तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आंटी, पाळी संपल्यावर बोलेन. आत्ता बोलले तर आई ओळखेल." दुसऱ्या दिवशी थोरल्या सुनेने शेवयांची खीर करून आणली. आम्ही तिघींनी ती कागदी पेल्यांतून खाल्ली. एवढाच आमचा नाताळ.

ही गोष्ट घडून गेली. हे आता ठणठणीत आहेत, दुसऱ्या वर्षी महाडलाही जाऊन आले, आणि त्या वर्षीचा फोटो धाकटीला वेळेवर गेला. पण त्या चोवीस तासांतून जे शिकले ते इतर आयाबापांना उपयोगी पडेल, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते.

मुलांना पाठवताना पापड-लोणच्याबरोबर तिथल्या सुट्ट्यांचे वेळापत्रकही विचारून घ्या. फ्रान्समध्ये नाताळला विद्यापीठे साधारण दोन आठवडे बंद असतात. हे दिवस परदेशातल्या पहिल्या वर्षाचे सगळ्यांत अवघड दिवस असतात. नोव्हेंबरातच बेत ठरला पाहिजे. डाळ-तांदूळ, दूध, औषधे २३ तारखेपर्यंत भरून ठेवावीत. २४ ला दुकाने लवकर बंद होतात आणि २५ ला बहुतेक उघडत नाहीत.

मुलांना हे सांगा, की कोणी "नाताळला काय करणार?" असे विचारले, तर "अजून काही ठरले नाही" असे खरे सांगावे. ते भीक मागणे नाही. समोरचा माणूस आपल्याला बोलवावे की नाही हे त्या उत्तरावरच ठरवत असतो. आमंत्रण आले तर जावे. मांस, डुकराचे मांस किंवा दारू चालत नसेल तर आधीच कळवावे, कोणी वाईट मानत नाही. हातात मिठाईचा डबा किंवा फुले न्यावीत. पण शेवंती नेऊ नये. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथले लोक ती थडग्यांवर वाहतात, त्यामुळे तिचा संबंध शोकाशी आहे. ठरल्या वेळेच्या आधी जाऊ नये, पाच-दहा मिनिटे उशीर चांगला. आणि जेवण चार तास चालले तर कंटाळू नये, त्यांच्याकडे जेवण म्हणजेच सण.

आमंत्रण नाही आले तर खोलीत बसू नये. वाढायला हात हवे असणाऱ्या पंगती गावोगाव असतात. तिथे आपण पाहुणेही असतो आणि यजमानही. मन फारच खचले तर फ्रान्समध्ये ३११४ हा मोफत क्रमांक २०२१ पासून रात्रंदिवस चालू आहे. जिवाचे विचार मनात येत असतील तर तिथे बोलता येते. तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी ११२. हे दोन आकडे मुलांच्या फोनमध्ये निघण्यापूर्वीच घालून द्या.

आणि आपण घरच्यांनी एक करावे. मुलांना त्रास नको म्हणून आजारपण लपवू नये. आपण लपवले की मुलेही लपवायला शिकतात. मग दोन्हीकडून फोन रोज होतो आणि बोलणे कधीच होत नाही. आमच्या घरात आता नियम आहे. आधी खरे सांगायचे, मग रडायचे असेल तर रडायचे, मग जेवलीस का ते विचारायचे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या दोन मुली भाड्याने राहतात. दोन वर्षे मी त्यांना जिन्यात नुसती पाहत होते. आता १४ एप्रिलला आमच्याकडे दोन पाने जास्त असतात. पण त्यात एक फरक केला आहे. नुसती पाने मांडून ठेवत नाही. आदल्या दिवशी जिना चढून वर जाते आणि त्यांचे दार वाजवते.